सत्तेचाळीसचा सगळ्यात कठीण सामना

आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाला १९९५ साली नवं दगडी प्रवेशद्वार उभं राहणार होतं, आणि त्यावर एकाच संघातल्या खेळाडूंची नावं कोरली जाणार होती. वर्षभरात एकही सामना न हरलेले संघ दोनच. एक १९४७चा, ज्याचे कप्तान माझे डॅडी, हॉलिस पिकेट. दुसरा १९८३चा. डॅडींचं हृदय आता चार पावलांत थकत होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं नाव त्या दगडावर चढावं एवढंच मला हवं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियातल्या या टीचभर गावात त्यात कोण कोण खोडा घालणार, हेही मी हेरून ठेवलं होतं.

पहिला संशय प्रोफेसर विल्बर्नवर. कोणत्या संघाला जास्त तगडे प्रतिस्पर्धी मिळाले, हे तो संगणकावर काढणार होता. तुम्ही ज्यांना हरवलंत त्यांनी त्या वर्षी आणखी किती जणांना लोळवलं, त्यावरून म्हणे तुमचा कस ठरतो. विल्बर्नचा मेहुणा त्र्याऐंशीच्या संघात होता. आता बोला! दुसरा संशय त्र्याऐंशीचा कप्तान डेल्विन रॉबर्सनवर, कारण तो काहीच बोलत नव्हता. भांडणाऱ्याला मी पुरून उरते. गप्प बसणाऱ्याची मात्र मला धास्ती वाटते.

शनिवारी सकाळी निवड करायला दोन्ही संघांची माणसं आणि आम्ही घरचे चर्चच्या तळघरात जमलो. टेबलावर पावासारखी मऊ, गरम बिस्किटं आणि सॉसेजची ग्रेव्ही होती. त्र्याऐंशीच्या संघातला जाडा रस्टी तोंडात घास ठेवूनच सुरू झाला.

"सत्तेचाळीसला तुम्ही खेळलात कुणाशी, मिस्टर हॉलिस? शेतकी शाळेशी आणि पाद्र्यांच्या पोरांशी!"

"आणि तुम्ही?" मी म्हटलं. "माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातल्या सामन्याला असला संघ बोलावलात, की त्यांना बसमधून उतरायलाही हात द्यावा लागला."

"मेळाव्याला सगळेच मरतुकडा संघ बोलावतात, व्हर्ना. आपले जुने विद्यार्थी हसत घरी जायला नकोत?"

विल्बर्नने चष्मा पुसला. "केसभर का होईना, सत्तेचाळीस पुढे आहे. एकाच सामन्यामुळे. उत्तरेकडचं लेकमोर कॉलेज. त्या वर्षी ते फक्त यांच्याकडून हरलं. दोन्ही वर्षांतला सगळ्यात कठीण सामना तोच."

मी टाळी वाजवली. डॅडी मात्र बिस्किटाचा चुरा करत बसले होते. तेवढ्यात डेल्विनने घसा खाकरला.

"मिस्टर हॉलिस, एक विचारू? लेकमोरचा तो चेंडू घेऊन पळणारा गडी, एमॉस व्हीटली. वर्षभर कुणाच्या हाती लागला नाही. तुम्ही त्याला अडवलंत कसं?"

"डॅडी, उत्तर देऊ नका. याच्या मनात काहीतरी आहे."

"गप्प बस, व्हर्ना." डॅडींनी बशी बाजूला सारली. "अडवला नाही. तो खेळलाच नाही. काळा होता ना. उत्तरेचे संघ इकडे यायचे तेव्हा आपले काळे गडी बाहेर ठेवायचे. आधीच ठरलेलं असायचं. कोचनं मला गाडीची किल्ली दिली आणि मीच त्याला रुळांपलीकडे, काळ्यांच्या वस्तीत एका घरी सोडून आलो."

"माझ्या आजीच्या घरी," डेल्विन म्हणाला. "आजीनं त्याच्यासाठी कोंबडी तळली होती. त्यानं हात लावला नाही. रेडिओपाशी बसून सामना ऐकला म्हणे. मी विचारणार नव्हतो, सर. पण प्रोफेसरांनी त्या सामन्याला सगळ्यात कठीण म्हटलं, मग मला राहवलं नाही."

"विल्बर्न, तो सामना काढून मोज," डॅडी म्हणाले.

"असं कसं काढता येईल? जिंकलेला सामना आहे."

"डॅडी, तेव्हाची रीतच होती ती!" मी जवळजवळ ओरडले. "सगळेच करायचे. तुमचा काय दोष?"

"तू गावभर सगळ्यांवर संशय घेतलास, पोरी. या सामन्याचं नाव निघालं की मी उठून जातो, ते नाही दिसलं तुला?"

दिसलं होतं. मी तो त्यांचा विनय समजत होते.

विल्बर्नने हात वर करायला सांगितले. त्र्याऐंशीसाठी पहिला हात डॅडींचा गेला. मग एकेक करत सगळ्यांचे गेले. माझा वर जाईना.

परतताना गाडीत मी धुमसत होते. डेल्विनचा राग होताच, विल्बर्नचा होता, आणि सगळ्यात जास्त डॅडींचा होता. हातातोंडाशी आलेला घास त्यांनी आपणहून दुसऱ्याला देऊन टाकला होता.

"एवढा काय भारी होता तो?" शेवटी मी तडकून विचारलं. "पळायचा तरी कसा?"

डॅडी खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"मला काय माहीत? मी त्याला पळताना पाहिलंच नाही. डेल्विनच्या आजीच्या घराच्या पायऱ्या चढताना पाहिलं, तेवढंच."