भोपळ्यातला श्वास

"हालेलूया! भोपळ्यात तोंड घाल, आणि देवाला आत ओढ!"

प्रेषित स्वाका गरजला की आंब्याखालची दीडशे माणसं उठून उभी राहायची. जगभर फिरलेला तो आजार नाईलकाठच्या या गावातही येऊन बसला होता. प्रार्थनाघराच्या पडद्याआडून एक वाळका भोपळा पुढे यायचा. धापा टाकणारा माणूस त्यात तोंड खुपसायचा आणि घटकाभरात बोलू लागायचा. एका वेळेचं मोल एक शेळी.

"थोतांड!" नर्स किदेन महिनाभर सांगत होती. आज तिचाच बाप गुदमरत होता, आणि तिच्या दवाखान्यात तापाच्या गोळ्यांपलीकडे काही नव्हतं.

"आलीस ना शेवटी, डॉक्टरीणबाई?" रांगेतली म्हातारी पोनी खोकत हसली. "शेळी तरी धडधाकट आणलीस का?"

किदेननं बापाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. ऐंशी. भोपळा. पाच मिनिटं.

ब्याण्णव.

ढोंगानं आकडा चढत नाही. भक्तीनंही नाही.

मग कशानं? लाऊडस्पीकर तर बंद होता. जनरेटर कुणासाठी धडधडत होता?

तिनं पडदा ओढला.

पांढरं मशीन. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं. त्याची नळी भोपळ्याच्या बुडात. अंगावर परदेशी संस्थेचं चिन्ह, खाली किदेनच्याच दवाखान्याचं नाव.

दीड महिना मागे: ट्रक येतो. मशीन टेबलावर. परदेशी बाई, सरकारी अधिकारी वानी. "हस की, किदेन!" फोटो. पावतीवर सही. बाईंची गाडी जाते. "प्लग बदलून उद्या आणतो," म्हणत वानी मशीन परत ट्रकात चढवतो. इथं नेहमी असंच चालतं, आधी सही, मग सामान. आणि वानी तर नर्सिंग शिकताना तिच्या शेजारच्या बाकावर बसलेला, त्याच्यावर संशय कोण घेणार?

"चोर!" ती ओरडली.

"मी?" स्वाकाचा आवाज एकदम साधा झाला. "वानीसाहेबांनी भाड्यानं दिलंय. कागदावर ते तुझ्याच दवाखान्यात आहे. सही कुणाची?"

बापानं मान वर केली. "तुझी, पोरी?"

"माझी, बाबा." ती लोकांकडे वळली. "न बघता केली. तुम्हीही न बघता गुडघे टेकलेत. ऐका. यात देव नाही, वीज आहे, हवा आहे. आणि हे तुमचं आहे, फुकट आहे. चमत्कार दिसला की पडदा उचला. मदत पोचली असं कुणी म्हणालं, तर कुठं पोचली ते जाऊन बघा."

"मग आता पहिली पाळी कुणाची?" कुणीतरी विचारलं. "शेळीवाल्याची?"

"सगळ्यात कमी आकडा असेल त्याची."

तिनं रांगेतलं एकेक बोट तपासलं. पोनी, बहात्तर.

बाप अजून भोपळा धरून होता. किदेननं त्याची बोटं सोडवली, हळूच, एकेक करून.

"आई, या," ती पोनीला म्हणाली. "शेळी घरी न्या."