हॉट प्रेसमधलं एक मिनिट

मित्रांनो, मला नुसतं कपाट म्हणू नका, राग येतो मला. इथे आयर्लंडमध्ये मला हॉट प्रेस म्हणतात. माझ्या पोटात गरम पाण्याची टाकी असते आणि तिच्या उबेवर टॉवेल, चादरी, मोजे वाळतात. इथे कपडे बाहेर दोरीवर वाळतील अशी आशा फक्त नवीन आलेली माणसं करतात. सँडीफोर्डच्या एका फ्लॅटमध्ये वीस वर्षांपूर्वी एका सुताराने मला बसवलं. घाईत बसवलं, म्हणून माझं दार आजही खाली घासतं. इतकी वर्षं मी इमानेइतबारे चादरी सुकवल्या, पण कौतुकाचा एक शब्द कुणी काढला नाही.

मग नागपूरची ज्ञानदा इथे राहायला आली. आठवडाभर ती एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची आणि शनिवारी दुपारी माझ्यात शिरायची. तिला पॉडकास्ट करायचा होता. इथे आलेल्या मराठी माणसांच्या पहिल्या हिवाळ्याच्या गोष्टी सांगायच्या होत्या. कपड्यांच्या गराड्यात आवाज घुमत नाही, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. ती टाकीचं बटण बंद करायची, मांडीवर लॅपटॉप घ्यायची, टॉवेलांच्या चळतीत मायक्रोफोन रोवायची. बघता बघता मी स्टुडिओ झालो. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू!

पण तिचं ते बोलणं! "नमस्कार श्रोतेहो" म्हणून अशी काही सुरुवात करायची की आतले टॉवेलसुद्धा अवघडून जायचे. आधी सगळं लिहून काढायची, मग घोटून घोटून वाचायची. सात भाग झाले तरी ऐकणारे मोजून एकोणीस, आणि त्यातही निम्मे नातेवाईक.

त्या उन्हाळ्यात तिचे बाबा, मोहनकाका, तीन महिन्यांसाठी आले. एसटीतून निवृत्त झालेला गप्पिष्ट माणूस. पहिल्याच शनिवारी ते माझ्या दाराला कान लावून उभे राहिले. रेकॉर्डिंग संपल्यावर दार ओढून त्यांनी विचारलं, "हे कोन बोलून राह्यलं अंदर? आपली ज्ञानू तं अशी नाही बोलत."

ज्ञानदा चिडली. दिवसभर धुसफुसली. पण पुढच्या शनिवारी तिने बाबांनाच आत स्टुलावर बसवलं, कागद बाजूला ठेवला आणि त्यांच्याकडे बघून सांगायला लागली. इथल्या पहिल्या जानेवारीत तिच्या कुकरच्या वाफेने फायर अलार्म वाजला होता, सगळी बिल्डिंग पायजम्यात खाली उतरली होती आणि ही बया कुकर हातात घेऊन त्या थंडीत उभी होती. बाबा हसले, हसता हसता खोकले. तो भाग लोकांनी डोक्यावर घेतला. ड्रोहेडापासून कॉर्कपर्यंतची माणसं लिहायला लागली. तिला तिचा आवाज सापडला होता, आणि तो बाबांशी बोलतानाचा होता.

दर वेळी शेवटी ती एक मिनिट काहीही न बोलता रेकॉर्डिंग चालू ठेवायची. बोलण्यातल्या चुका कापल्या की मध्ये भोकं पडतात, ती बुजवायला त्याच जागेची शांतता लागते म्हणे. त्या मिनिटात दोघं गप्प बसायचे, आणि बाबांच्या श्वासाची बारीक शिट्टी मला फळ्यांमधून जाणवायची. जिना चढून आलेले असले की जास्तच. मला ते लक्षण बरं वाटत नव्हतं. पण मी पडलो कपाट, सांगणार कुणाला?

ही शांतता भागात जिथे जिथे भरली, तिथे शिट्टीही गेली, आणि दूर पोर्टलीशला एका बाईने ती ऐकली. तिचं नाव उर्मिला. तिचा मेसेज आला तेव्हा ज्ञानदाने फोनवर पहिली ओळ तेवढी वाचली: "तुमच्या एपिसोडमध्ये मागे कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येतो." तिचा चेहरा पडला. आवाजाची तक्रार आली की या पॉडकास्टवाल्यांना दुसरं काही सुचत नाही. तिने उभ्याउभ्या लिहून टाकलं की सॉरी, पुढच्या वेळी नीट करते. मेसेज पुढे वाचलाच नाही. मग बाबांना म्हणाली की तुमचा श्वास रेकॉर्ड होतोय, त्या एका मिनिटापुरता जरा सांभाळा. बाबा म्हणाले, त्यात काय मोठं.

त्या दिवसापासून ते श्वास रोखून धरायला लागले. ज्ञानदाचे डोळे स्क्रीनवर असायचे, म्हणून तिला दिसलं नाही. मला दिसलं. त्यांची बोटं माझ्या मधल्या फळीवर आवळलेली असायची, मानेच्या शिरा तटतटायच्या. अगदीच असह्य झालं की टॉवेलात तोंड खुपसून थोडा सोडायचे आणि पुन्हा रोखायचे. शिट्टी गेली म्हणून ज्ञानदा खूश होती. असे पाच शनिवार झाले.

सप्टेंबरात ते नागपूरला परतले आणि नोव्हेंबरात वारले. फुप्फुसात पाणी साठलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे बऱ्याच दिवसांचं दुखणं आहे, आधी आणायला हवं होतं. ते गेले तेव्हा ज्ञानदा विमानात होती.

परत आल्यावर, शो बंद करते असं सगळ्यांना कळवायला ती माझ्यात येऊन बसली. जुने मेसेज एकेक उघडताना उर्मिलाचा उघडला. या वेळी तिने तो शेवटपर्यंत वाचला, मोठ्याने.

"मी तक्रार करत नाहीये. मी इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तुमच्या शेजारी जे कुणी बसतात, त्यांच्या श्वासाची मला काळजी वाटते. प्लीज, याच आठवड्यात त्यांची छाती तपासून घ्या."

मी खूप रडणं ऐकलंय, मित्रांनो. लोक कपाटात तोंड घालून रडतात. पण त्या दुपारसारखं नाही ऐकलं.

तुम्हाला हात जोडून सांगतो, कुणाचा आवाज पुसण्याआधी तो का येतोय ते विचारा. आलेला निरोप शेवटपर्यंत वाचा. घरात कुणी धापा टाकत असेल तर त्याला गप्प बसवू नका, डॉक्टरकडे न्या. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

ज्ञानदा आता बोलायला येत नाही. पण शनिवारी येते, टाकी बंद करते, दार लावते आणि बाबांसोबतच्या शेवटच्या रेकॉर्डिंगमधलं ते मिनिट लावते. त्यात काहीच ऐकू येत नाही. ते का येत नाही, हे आता तिलाही कळलंय. सेकंद सरकत राहतात. टाकी थंड असते, तरी मधल्या फळीला कुणीतरी धरून ठेवलंय असं मला वाटतं. चाळीस सेकंद होऊन गेले की ज्ञानदा पुढे वाकते आणि हळूच म्हणते, "बाबा, पुरे. सोडा आता श्वास."