राणीला पास लागत नाही

भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी नरसिंहरावांनी गाझियाबादच्या आपल्या गच्चीवर पहिल्या मधपेटीचं झाकण उघडलं, तर पेटी रिकामी. पोळ्यांवर एक माशी नव्हती. तळाशी मेलेल्या माश्या होत्या, वाटीभर.

पेट्या दोन, दोन्ही त्यांच्या पत्नीच्या, कुसुमावतीबाईंच्या. बाई वैशाखात वारल्या. तिच्या माश्या जगवायच्या, एवढंच नरसिंहरावांनी तेव्हा ठरवलं होतं.

त्यात त्यांनी कसूर केली नव्हती. तीस वर्षं दिल्लीत एका सरकारी कचेरीच्या दारावर पास देण्यात गेलेली. दार कसं राखायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. सकाळ-संध्याकाळ ते डास मारायची बॅट घेऊन पेट्यांपुढे खुर्ची टाकून बसत. बारीक कमरेची, उगाच घुटमळणारी कोणी दिसली की बॅट. अशा कितीतरी पाडल्या. एक मात्र मोठी येई, तांबूस, पोटावर रुंद पिवळा पट्टा, येणंही भारदस्त. राणी सगळ्यांत मोठी असते, तिला जपायचं, असं बाई सांगत. आणि मोठ्यांना पास विचारायचा नाही, हे तर नोकरीनंच शिकवलेलं. ते बॅट खाली ठेवत. पुढे एकदम तीन राण्या दिसायला लागल्या. साहेब असतात तसे उपसाहेबही असणार, असं धरून त्यांनी त्यांनाही आत सोडलं.

दुपारी नोएडाहून त्यांची मुलगी कृतिका आली. दुसऱ्या पेटीच्या दारात तोच पिवळा पट्टा बसलेला. नरसिंहरावांनी तिला हळू बोलायला सांगितलं. राणी आहे म्हणाले.

ती खाली गेली आणि कपाटातून आईची निळी वही घेऊन आली. अक्षर बघवणार नाही म्हणून चार महिने त्यांनी त्या वहीला हात लावला नव्हता.

"वाचा बाबा. आईचं अक्षर मला लागत नाही."

पहिल्याच पानावर चित्रं होती. बारीक कमरेच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'कुंभारीण. मातीचं घर बांधते, कोळी धरते. हिला मारू नये.' त्याखाली पिवळ्या पट्ट्याची तांबडी. 'गांधीलमाशी. आपल्या माश्या धरून नेते, पेटी दुबळी झाली की आतच शिरते. हिला दारात अडवायचं. दार एका माशीपुरतं ठेवायचं.' आणि पानाच्या कडेला बारीक अक्षरात, 'ह्यांना नीट समजावणे. हे मोठ्यांना अडवत नाहीत.'

कृतिका हसायला लागली. "आई तुम्हाला बिल्कुल ओळखून होती."

"होती," नरसिंहराव म्हणाले.

त्यांनी बॅट उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा एका साहेबाला दारात अडवलं. मग लाकडाची पट्टी ठोकून दुसऱ्या पेटीचं दार अरुंद केलं. आत माश्या आहेत, थोड्या आहेत.

वहीची बाकीची पानं अजून वाचायची राहिली आहेत.