सूनबाईच्या विमानाचं तेलपाणी

माझी सून विमानं उडवते. माणसं बसतात ती नव्हेत, पोरं खेळतात तीही नव्हेत, मधली. पंख जोडले की आमच्या दिवाणाएवढं होतं, पोटात खरं इंजिन असतं, धूर सोडतं, आणि सुरू केलं की येरवड्यातली सगळी कुत्री आमच्या दारात जमतात. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी सांगितलं होतं, आमची अक्षता कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होती. मला वाटलं, परेड करत असेल. मुलगी उंच होती, नजर सरळ होती, मी होकार दिला. विमान नंतर टेम्पोतून आलं.

तर ही अक्षता चार-पाच वर्षं शिबिरं घेत फिरायची. आज या शाळेत, उद्या त्या शाळेत, पोरांना पंख चिकटवायला शिकवायचं, प्रमाणपत्रं वाटायची, घरी यायचं. यंदा एका शाळेत कायमची जागा निघाली. मॉडेल विमानं शिकवायला. शेवटी दोघंच उरली, ही आणि राकेश नावाचा एक. रविवारी सकाळी फुरसुंगीच्या पुढच्या माळावर दोघांनी विमान उडवून दाखवायचं आणि तिथंच निकाल.

"ही जागा गेली तर मी हे सगळं थांबवणार, आई," ती मला भाकरी थापताना म्हणाली. "विमान विकून टाकते. कुठल्यातरी कॉल सेंटरला बसते गपचूप."

"गपचूप बसायला कॉल सेंटर कशाला लागतं?" मी म्हटलं. पण तिच्या हाताकडे बघितलं तर भाकरी एका बाजूनं फाटली होती, आणि हिची भाकरी कधी फाटत नाही.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. चहा ओतायचा आणि विसरायचा. टीव्ही लावायचा आणि उठून गॅलरीत जायचं. शुभंकर, माझा मुलगा, म्हणाला, "आई, परीक्षा तुझी आहे का तिची?" त्याला नेमकी त्या रविवारची शिफ्ट लागली होती, आणि विमान सुरू करताना मागून घट्ट धरून ठेवायला माणूस लागतो. इंजिन ओढ घेतं. ते काम माझ्यावर आलं. मी छातीवर हात मारून हो म्हटलं आणि त्या दिवसापासून झोपही गेली.

त्यात पंप बिघडला. विमानाची टाकी पोटात खोल असते. डब्यातलं इंधन नळीतून पंपानं आत ढकलावं लागतं, आणि उरलेलं त्याच पंपानं उलटं ओढून काढावं लागतं. जुन्या पंपातून थेंब थेंब गळायला लागलं होतं. मग आम्ही दोघी बुधवार पेठेत, पोपट नावाच्या माणसाच्या दुकानात गेलो. तारा, मोटारी, बॅटऱ्या, आणि मधोमध तो, वर्तमानपत्रात डोकं घालून.

"पंप दाखवा," अक्षता म्हणाली.

"सायकलचे समोर मिळतात."

"विमानात इंधन भरायचा."

आता त्यानं वर बघितलं. आधी तिच्याकडे, मग माझ्या नऊवारीकडे. "विमान बाहेर लावलंय का?"

"हो," मी म्हटलं. "तुमची पाटी दिसेना, म्हणून दोन घिरट्या घालाव्या लागल्या. दाखवा आता."

त्यानं तीन प्रकार मांडले. एक हातानं दाबायचा फुगा, डॉक्टर रक्तदाब बघताना दाबतात तसा. एक दांडा फिरवायचा. एक बॅटरीचा, बटणाचा.

"बटणाचा घे," मी म्हटलं.

"माळावर बॅटरी उतरली की नुसतं बटण उरतं, आई."

"मग फुगा घे. त्यात बिघडायला काही नाही."

तिनं तो दाबून, वास घेऊन बघितला. "साधं रबर वाटतंय. आमच्या इंधनानं फुगेल, मग चिकट होईल." आणि पोपटला विचारलं, "दांड्याच्या पंपात आतलं सील कशाचं आहे?"

"मी काय आत जाऊन बसलोय?"

"खोक्यावर लिहिलेलं असतं. वाचा."

त्यानं वाचलं. नाइलाजानं, चष्मा शोधून वाचलं. ते तिला चाललं. मग नळ्या. एक दुधट, एक पिवळी. मला पिवळी जाड वाटली, मी म्हटलं हीच घे, टिकेल. ती म्हणाली, पिवळी पेट्रोलवाल्यांची. आमचं इंधन स्पिरिटचं, त्याला दुधट सिलिकॉनची. अदलाबदल केली तर एक फुगते, दुसरी कडक होते, आणि नको त्या वेळी तडकते. मी दुधट नळी ओढून बघितली, पिळून बघितली, नखानं टोचून बघितली.

"मावशी, भेंडी नाही ती," पोपट म्हणाला.

"भेंडी असती तर मंडईत गेले असते. तिथले लोक गिऱ्हाइकाकडे बघून बोलतात."

पंप आणला. अक्षतानं त्याला नळ्या जोडल्या, मध्ये बोटभर गाळणी बसवली, कचरा अडकायला. काम झालं की पंप कोरडा होईपर्यंत फिरवायचा, नळीच्या तोंडाला टोपण लावायचं, डब्याचं झाकण घट्ट. स्पिरिट हवेतलं पाणी पितं म्हणे, आणि पाणी प्यायलेल्या स्पिरिटवर इंजिन खोकतं. मी हे सगळं ऐकत होते. भांडं कसं ठेवावं हे मला कुणी सांगायला नको, पण ऐकत होते.

शनिवारी संध्याकाळी ती पंखांचे स्क्रू आवळत बसली होती. पंप माझ्याकडे होता, पिशवीत भरायला. मी दांडा फिरवून बघितला. कुरकुर वाजला. नवा पंप आणि कुरकुर! परत फिरवला, परत कुरकुर. माझ्या डोक्यात ती कुरकुर शिरली आणि बाहेर निघेना. उद्या निकाल देणाऱ्या साहेबांसमोर हा असा रडणार?

आता आमच्या घरात कुरकुर म्हटलं की एकच औषध. दार वाजलं, खोबरेल. कात्री अडली, खोबरेल. घासलेटचा स्टोव्ह होता तेव्हा त्याच्या पंपाचं चामडं कोरडं पडायचं, त्याला मी दर आठवड्याला खोबरेल पाजायचे, आणि माझा स्टोव्ह आख्ख्या चाळीत सगळ्यात चांगला पेटायचा. शिवाय तिनंच सांगितलं होतं, विमानाच्या इंधनात एरंडेल असतं. एरंडेल चालतं, तर खोबरेलानं काय घोडं मारलंय? मी नळीतून चांगलं चमचाभर सोडलं आणि दांडा फिरवला. लोण्यासारखा फिरला. आवाज बंद. त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या जिवाला बरं वाटलं.

रविवारी जाऊन-येऊन रिक्षा ठरवून माळावर पोचलो तेव्हा गवत दवानं ओलं होतं. डिसेंबरची थंडी, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. अभय सर नावाचे परीक्षक टेबल टाकून बसले होते, मफलर कानापर्यंत. राकेशनं आधी उडवलं. बटण दाबलं, टाकी भरली, विमान वर. गिरकी, उलटं, सुलटं, आणि उतरलं ते असं, जणू कुणी हातानं गवतावर ठेवलं. मी शाल दहा वेळा सोडली आणि गुंडाळली.

"अक्षता, या. पंधरा मिनिटांत हवेत दिसलं पाहिजे," सर म्हणाले.

तिनं नळी डब्यात सोडली, दुसरी विमानाला जोडली, दांडा धरला. दांडा फिरेना. जोर लावला, अर्धा फिरला, अडला. तिनं नळी उजेडासमोर धरली. आत पांढऱ्या गोळ्या. गाळणीत तर मेण भरल्यासारखं पांढरं.

मला एका क्षणात कळलं. थंडीत आमची खोबरेलाची बाटली रोज सकाळी गॅसजवळ ठेवावी लागते, आणि मी ते या माळावर घेऊन आले होते.

"आई," ती हळू म्हणाली, "खोबरेल?"

"कुरकुरत होता," मी म्हटलं.

तिनं नळी पंपातून उपटून बाजूला ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"इकडे दे, काखेत धरते. शालीत. आत्ता वितळेल," मी म्हटलं.

"वितळलं तर टाकीत जाईल, आणि वर गार हवेत परत गोठेल. इंजिन हवेत बंद पडेल."

राकेश पुढं आला. पोरगा वाईट नव्हता. "मॅडम, माझा पंप घ्या की."

मी लगेच हात पुढं केला. अक्षतानं नाही. "यातून पेट्रोल जातं का?"

"जातं कधीकधी. दुसरं विमान पेट्रोलचं आहे. एवढ्या तेवढ्यानं काही होत नाही हो."

"थँक्यू. नको."

"अगं घे की!" मी म्हटलं. "मानपान कसला बघतेस या वेळी?"

"मानपान नाही, आई. पेट्रोल लागलेला पंप मी माझ्या टाकीला लावत नाही."

टेबलावरून आवाज आला, "वेळ चाललाय."

तिनं पेटीतून कोऱ्या नळीचा तुकडा आणि दुसरी गाळणी काढली. डबा उचलला आणि सरळ सरांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांशेजारी नेऊन ठेवला. "सर, दोन मिनिटं टेबल वापरते." विमान खाली गवतावर. डबा वर, टाकी खाली. मला लगेच उमजलं. घासलेट पिंपातून डब्यात असंच काढतात. नळी आत सोडायची, तोंडानं ओढायचं, आलं की खाली सोडायचं. रेशनच्या रांगा लावलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागतं? निदान एवढं तरी माझ्या हातून होऊ दे म्हणून मी पुढं झाले, नळी हिसकावली, डब्यात सोडली आणि दुसरं टोक तोंडाला लावलं.

फाडकन हातावर बसली.

नळी गवतात पडली. माझं मनगट झणझणलं. राकेश, रिक्षावाला, मफलरातले सर, सगळे बघत होते. माझ्या अंगावर आजवर कुणी हात टाकला नव्हता. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही. आणि ही काल आलेली पोरगी!

"स्पिरिट आहे ते!" अक्षता ओरडली. इतकी ओरडली की आवाज चिरकला. "घोटभर गेलं तर डोळे जातात. जीव जातो. गेलं का तोंडात? थुंका. थुंका आधी!"

"नाही गेलं."

"थुंका म्हणते ना!"

मी थुंकले. चारचौघांत, साहेबांच्या टेबलाशेजारी. मग तिनं मला बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरायला लावली, एकदा नाही, तीनदा. मिनिटं चालली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, घड्याळाकडे नाही.

"पंपाचं काय झालं?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. "साहेब, ते तेल मी..."

"पंप माझा आहे, सर," अक्षतानं मला तोडलं. "पिशवीत गेल्यावर मी तो परत फिरवून बघायला हवा होता. बघितला नाही."

नळीला गवत लागलं होतं. तिनं तेवढं टोक कापून टाकलं. गाळणी जोडली, नळी सगळी डब्यात बुडवली, आत भरू दिली, वरच्या टोकावर अंगठा दाबला आणि ते टोक खाली टाकीशी नेऊन सोडलं. इंधन आपोआप वाहायला लागलं. ओढायचं नाही की फुंकायचं नाही. मी बघत राहिले. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

"आई, धरता ना?"

मी गुडघे टेकले, विमानाला मागून दोन्ही हातांनी धरलं. तिनं प्लगला बॅटरी लावली, काठीनं पंखा फिरवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन असं किंचाळलं की माझे दात वाजले. एरंडेलाचा धूर नाकात. विमान पुढं जायला धडपडत होतं, आणि माझं मनगट अजून झणझणत होतं, तरी मी धरलं.

"सोडा!"

सोडलं. गवतावरून धावलं, उचललं. मी तिथंच ओल्या गवतात बसून राहिले. तिनं साधीच घिरटी मारली, एक गिरकी घेतली, दुसरी थोडी वाकडी गेली. उतरताना दोनदा उडालं आणि मग थांबलं. राकेशच्या पासंगाला नाही पुरलं. मला विमानातलं कळत नसलं तरी एवढं कळतं. म्हटलं, गेलं. विमान विकायला काढणार ही, आणि ते एका चमचा खोबरेलापायी.

सरांनी दोघांना उभं केलं. मलाही जवळ यायची खूण केली, का ते कळेना.

"राकेश, तुम्ही यांच्यापेक्षा चांगलं उडवता," ते म्हणाले. "शंकाच नाही. पण या जागेवर उडवायचं कमी आणि सांभाळायचं जास्त आहे. दहा-दहा वर्षांची पोरं, हातात इंधनाचे डबे. एवढ्यातेवढ्यानं काही होत नाही म्हणणारा माणूस मला तिथं चालत नाही." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "पोरं काय, कशालाही तोंड लावतात."

मी माळाच्या दुसऱ्या टोकाला फार महत्त्वाचं काही दिसत असल्यासारखं तिकडे बघितलं.

"अक्षता, सोमवारी शाळेत या. पंप धुऊन आणा."

रिक्षात पंख माझ्या मांडीवर, धड तिच्या. हडपसर गेलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, भांडण कधी सुरू होतंय म्हणून.

"आई," ती शेवटी म्हणाली. "लागलं का हाताला?"

"लागलं."

"सॉरी म्हणू?"

"खबरदार म्हटलंस तर," मी म्हटलं. "शाळेत तुला पोरांच्या तोंडच्या नळ्या उडवायचाच पगार मिळणार आहे."