बेलवांग्यांचे चार वाफे

शेळी पहाटे मेली, आणि दिवस कासराभर वर आला तरी फुलाबाईच्या पोटातलं बाळ हललं नव्हतं.

एरवी ते तिला सुखानं बसू देत नसे. जात्याशी बसली की आतून ढुशी, घागर काखेला घेतली की ढुशी. सातवा महिना सरत आला होता, पोराच्या अंगात चांगली रग होती. आज दळण झालं, पाणी झालं, भाकरी थापून झाल्या, आणि आत सगळं गप्प. तिनं गुळाचा खडा खाल्ला, गार पाणी प्यायली, भिंतीला टेकून डाव्या कुशीवर कलली. काही नाही. याआधी तिच्या दोन खेपा पोटातच गेल्या होत्या, आणि दोन्ही वेळा आधी असंच गप्प झालं होतं.

बरं, सांगायचं कुणाला? नवरा गेनू भाटघरला धरणावरच्या साहेबाच्या बंगल्यात माळीकाम करायचा. आठवड्याच्या बाजाराला काय तो आंबवड्याला घरी उगवायचा. घरात ती आणि सासू भागूबाई, दोघीच. आणि सासूपाशी तर तोंड उघडायची सोयच नव्हती. परड्यातल्या ज्या झाडांचा पाला खाऊन शेळी मेली म्हणून सकाळपासून बोंब चालली होती, त्याच झाडांची फळं फुलाबाईनं काल सांजेला चोरून पोटभर खाल्ली होती.

झाडं बेलवांग्यांची. आज आपण टोमॅटो म्हणून ज्याची कोशिंबीर करतो आणि ज्याच्यावाचून आमटीचं पान हलत नाही, ते त्या काळी आंबवड्यात कुणी तोंडाला लावत नव्हतं. साहेब लोक खातात, एवढंच ऐकून ठाऊक. गेनूच्या साहेबाच्या मडमेला मात्र त्याचा भारी नाद. तिनं बंगल्याच्या बागेत नाना जातींची लावली होती. धरण पुरं झालं, साहेबाची निघायची बांधाबांध सुरू झाली, तेव्हा गेनूनं त्यातल्या चार जातींचं बी चार चिंध्यांत बांधून घरी आणलं आणि परड्यात चार वाफे केले. एका वाफ्यात लाल भोपळ्यासारख्या फाका असलेली थोराड तांबडी, एकात लिंबाएवढी पिवळी, एकात लांबुडकी, आणि चौथ्यात काळपट, देठाशी हिरवी राहणारी. दिवाळी उलटली तशी झाडं अशी लगडली की बांबूच्या काड्या वाकल्या.

भागूबाई माळकरीण. पहिलं तांबडं फळ गेनूनं कौतुकानं विळीवर चिरलं, तर आतला लाल गर बघून म्हातारीनं पदर नाकाला लावला.

"मांसागत दिसतंय की रं ह्ये. माज्या चुलीपशी आनायचं न्हाई. आन ही पोटुशी हाय, हिनं तर त्याला शिवायचं बी न्हाई."

"व्हय आई," गेनू म्हणाला. हा गडी आईपुढं सदा मान डोलवायचा आणि तिची पाठ वळली की आपलंच खरं करायचा. बाजाराहून परत धरणावर जाताना त्यानं बायकोला परड्यात गाठलं. "हे बघ, बी ठिवायचंय. दिसायला सारी सारखीच, पर एका झाडाचं गोड निघतं, दुसऱ्याचं सपक. चाखल्याबिगर कळत न्हाई. ज्याचं गोड लागंल त्याचंच बी राखंत घोळून ठिव. आईला कळू दिऊ नगं."

आता या माणसाला काय म्हणावं. पोटुशी बाई, तिला आंबटाचे डोहाळे लागलेले, आणि तिलाच सांगायचं, जरा चाखून बघ. फुलाबाईनं आठ दिवस जीव आवरला. काल सांजेला सासू देवळात भजनाला गेली आणि ती परड्यात शिरली. आधी बी ठेवायचं म्हणून एकेक घास घेतला. मग बियाचं भानच राहिलं नाही. उभ्याउभ्यानं चारी वाफ्यांतली खाल्ली, रस हनुवटीवरून गळला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या जिभेची वखवख शमली. देवळातले टाळ थांबले तशी ती लगबगीनं बाहेर पडली. त्या घाईत कुंपणाची काटेरी झाप नीट लावायची राहिली, आणि रात्री कबरी शेळी दावं तोडून आत शिरली.

सकाळी शेळी वाफ्याशेजारीच पडलेली. पोट फुगलेलं, तोंडाला फेस, दातांत बेलवांग्याचा पाला. शेजारची ठकुबाई धावत आली आणि तिनं गावभर व्हायला पुरेल एवढ्या आवाजात निकाल दिला.

"पाल्यात इख हाय, तर फळात काय आम्रुत असंल व्हय? गेन्याला साहेबानं खुळ्यात काढलं बगा."

फुलाबाई घरात खांबाआड उभी राहून ऐकत होती. एवढी धट्टीकट्टी शेळी रातोरात आडवी झाली, तिथं पोटातल्या जिवाचा काय पाड लागणार? सासूच्या नजरेला नजर देण्याचं तिला धाडस होईना. म्हातारीची नजर सदा आपल्या पोटावर असते, हे तिला ठाऊक होतं. दोन नातवंडं गेली, आता हे तिसरं. हेही गेलं आणि ते आपल्या जिभेपायी गेलं असं कळलं, तर ही बाई आपल्याला उंबऱ्याच्या आत ठेवायची नाही, असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

दुपार कलायच्या आधी भागूबाई पदर खोचून वाफ्यात उतरली. पहिलं झाड तिनं मुळासकट उपटून बांधावर भिरकावलं.

"देवानंच डोळं उगाडलं म्हनायचं," ती धापा टाकत म्हणाली. "शेळीवरच निभावलं. तू त्वांडाला लावलं असतंस मंजी?"

फुलाबाई कुंपणाला धरून उभी होती. बोलावं तर तोंड उघडेना, गप्प राहावं तर आत ते तसंच गप्प.

"लावलं, आत्याबाई."

"काय लावलं?"

"काल सांजच्याला खाल्ली म्या. चारी वाफ्यांतली. आन सकाळधरनं बाळ हलंना झालंय."

भागूबाईनं दुसऱ्या झाडाला हात घातला होता, तो तसाच राहिला. आता हिचा पट्टा सुटणार, माहेराचा उद्धार होणार, म्हणून फुलाबाईनं मान खाली घातली. पण म्हातारी वाफ्यातून बाहेर आली, कुंपणापलीकडं तोंड करून तिनं ठकुबाईला हाक मारली आणि तिच्या नवऱ्याला, सावळारामाला, तसाच्या तसा भोरला पिटाळायला सांगितलं, वैद्याला घेऊन ये म्हणून. मग ती सुनेकडं वळली.

"कोनकोनती खाल्लीस? दाव."

फुलाबाईनं एकेक झाड बोटानं दाखवलं. भागूबाईनं प्रत्येक वाफ्यातलं एकेक पिकलं फळ खुडून ओट्यात घेतलं आणि घरात गेली. परत आली ती उघड्या गळ्यानं. नवरा गेला त्या साली घातलेली माळ, तापानं फणफणली असतानाही तिनं कधी उतरवली नव्हती. ती देव्हाऱ्यात ठेवून ती मागल्या दाराच्या पायरीवर येऊन बसली.

"आत्याबाई, तुमी ह्ये काय करताय?"

"वैद्य यायला सांज हुईल. आन येऊन तरी त्यो काय सांगनार? त्यानं जन्मात ह्ये फळ बगितलं नसंल. माजं म्हातारं आंग. इख असंल तर मला बिगी बिगी चढंल, मंजी कळंल तरी काय हुतंय त्ये. बस हितं."

"नगा वो. तुमच्या पाया पडते."

"बस म्हनते न्हवं."

तिनं पिवळं तोंडात घातलं, डोळे मिटून चावलं. "आंबट हाय. पर चिंचंगत दात आंबत न्हाईत." लांबुडकं खाल्लं. "ह्यात रसच न्हाई, निस्ता गर." काळपट फळ तिनं आधी हुंगून बघितलं आणि खाता खाता जरा थांबली. "ह्ये ग्वाड हाय गं," ती म्हणाली, ते काही चुकल्यासारखं. राहिलं ते फाकांचं तांबडं. ते तिनं दोन्ही हातांनी मधोमध उकललं, लाल रस कोपरापर्यंत ओघळला आणि म्हातारीला ढवळून आलं. तिनं मूठ तोंडावर दाबून धरली. डोळ्यांतून पाणी आलं, पण सगळं गिळलं. फुलाबाईला तिच्याकडं बघवेना.

मग दोघी पायरीवर बसून राहिल्या. दोघींच्या पोटांत तेच, आणि दोघींचे कान आपापल्या पोटाकडं. उन्ह परड्यातून भिंतीवर चढलं. ठकुबाई कुंपणाशी येऊन दोनदा डोकावून गेली, तिला कुणी दाद दिली नाही.

"डोकं गरगरतंय?" मध्येच भागूबाईनं विचारलं.

"न्हाई. अजून हललं न्हाई, आत्याबाई."

म्हातारीनं कपाळाला आठी घातली. थोड्या वेळानं पुन्हा, "डोळ्याम्होरं अंधारी? घसा आवळतोय?"

"न्हाई. पर पोटात गप्पच हाय."

"बरं बरं," ती वैतागून म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. फुलाबाईला वाटलं, म्हातारीचा धीर सुटला, नातवंडाची आशा तिनं सोडली. तेवढ्यात भागूबाईच्या पोटातून मोठा ढेकर आला. दोघी दचकल्या, एकमेकींकडं बघत श्वास धरून राहिल्या. पुढं काही झालं नाही. म्हातारीनं लुगड्यानं तोंड पुसलं.

गुरं घरी परतायच्या सुमाराला फुलाबाईच्या बरगडीखाली काहीतरी सरकलं. भास असेल म्हणून ती बोलली नाही. मग एक ढुशी आली, रोजच्यासारखी दांडगी, आणि पाठोपाठ दुसरी. तिनं सासूचा चिकट हात धरला आणि आपल्या पोटावर दाबला. तळहाताखाली पोरानं पुन्हा लाथ मारली.

"हललं, आत्याबाई. बाळ हललं." तिला हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं.

भागूबाईनं हात काढून घेतला आणि सुनेची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. डोळे बघितले, ओठ बघितले.

"त्ये कळलं मला," म्हातारी म्हणाली. "दुपारधरनं इचारतीया, तर आपली बाळाचंच सांगतीस. मागल्या दोन्ही खेपंला पोरं गेली, पर तू ऱ्हायलीस, तेवढ्यावर म्या देवाला हात जोडलं. तुजं सांग. तुला काय हुतंय का?"