गालाला लावून दाखवा

खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी! अक्षर न् अक्षर खरं आहे.

ठासणीच्या बंदुका हातानं घडवणारा एक लोहार होता. एक डोळा गेलेला. त्याच्या आज्याच्या काळी एका बंदुकीला बैलजोडी मिळायची. आता कारखान्यातली तयार बंदूक पायातल्या जोड्याच्या भावात मिळते, मग ह्याच्याकडे कुत्रं तरी कशाला फिरकेल? म्हातारा थकला तेव्हा पोरीनं घण उचलला. वर्षभर खपून तिनं पहिली बंदूक केली. नळी ठोकली, आतून पीळ कोरला, अक्रोडाचा दस्ता घासून घासून आरसा केला.

एक गिऱ्हाईक आलं. लोण्यासारख्या बोटांचं.

"एवढे पैसे? सोन्याची आहे का?"

"वर्षभराची मेहनत आहे, साहेब."

"मग जुनी रीत पाळा. दुप्पट दारू ठासा आणि गालाला लावून दाखवा. लांबून दोरीनं उडवलीत तर निम्मेच देईन."

रीत खरीच होती. पहिला बार घरच्यानंच गालाला लावून काढायचा. म्हाताऱ्याचा डोळा तसाच गेलेला. नळीचा सांधा तिनं भट्टी निवत आलेली असताना ठोकला होता, तो कच्चाच राहिलेला. पण निम्म्यात कोळसासुद्धा सुटणार नव्हता. सांध्याचं ती बोललीच नाही.

"बाबा, तुम्ही उडवता? तुमचा एक तर असाही गेलाय."

म्हातारा खो खो हसला. "बापाची किती गं काळजी! आण इकडे."

धाड!

धूर विरला तेव्हा नळी मक्याच्या लाहीसारखी उलली होती, आणि म्हाताऱ्याचा उरलेला डोळाही जागेवर नव्हता.

पोरगी हात जोडणार, तोच गिऱ्हाईक म्हणालं, "अशीच बांधून द्या. रक्त पुसू नका हं. धड बंदूक काय, कुणाच्याही भिंतीवर असते. हिचे दुप्पट देतो."

तिनं बांधून दिली.

अंथरुणातून म्हाताऱ्यानं विचारलं, "टिकली का गं नळी?"

"टिकली, बाबा. दुप्पट मिळाले."

"मिळणारच! हात कुणाचा आहे तुझा?"

पुढं त्या गिऱ्हाइकाचे मित्र आले. त्यांनाही तशीच हवी होती, फुटलेली. पोरगी बापाच्या उशाशी बसली, बाहीनं डोळे पुसले नि म्हणाली, "बाबा, अजून एक बार काढाल?"

म्हातारा टुणकन उठून बसला.

आता कबूल करते बाई. डोळे पुसले, तेवढं मी पदरचं घातलं. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते.