ताण्याच्या शेवटी उरलेली झोळी

मी झोळी बोलतेय. टिमकी या विणकरांच्या वस्तीतल्या अंगणवाडीत लेकरं तोलायचा काटा टांगलेला आहे, त्याच्या आकड्याला अडकवलेली, लाल काठाची. माझ्यात आजवर किती लेकरं बसली ते सांगता यायचं नाही. किती जणांनी मला ओली केली, तेही नाही. पण पहिली कोण बसली, ते पक्कं आठवतं.

माझा जन्म वसंताच्या मागावर झाला. वसंता वीस वर्षांचा, दुसरीतून शाळा सोडलेला. डोकं तापट, पण मागावर बसला की धागा तुटायचा नाही. माझा ताणा, म्हणजे उभे धागे, लावताना त्याची मोठी बहीण चंद्रकला सोबतीला होती. बाळंतपणाला माहेरी आलेली. नववा महिना लागला तरी आडव्या सुताच्या कांड्या भरत बसायची. जेवायला बसली की आई रुख्माबाई तिच्या ताटातली अर्धी भाकर उचलून घ्यायची. "जास्त खाल्लं तर लेकरू मोठं होते, अडून बसते वं," म्हणायची. रुख्माबाईला तिच्या सासूनं हेच सांगितलं होतं.

चंद्रकलेला मुलगी झाली आणि चौथ्या दिवशी ती गेली. अंगात रक्तच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्या ताण्यावरचं पहिलं लुगडं तिच्याच अंगावर घालून तिला नेलं. ताण्याच्या शेवटी दोन हात कापड उरलं, ती मी. म्हणजे ते लुगडं माझी थोरली बहीण. थोरली गेली की मागच्याला कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे आणि वसंताला. त्यानं मला पेटीत ठेवलं आणि कोणाला हात लावू दिला नाही.

सात महिने झाले. गल्लीत अंगणवाडी निघाली. तिथल्या इंदुताई काटा घेऊन दारोदार फिरू लागल्या. काट्यासोबत आलेली झोळी जाड आणि खरबरीत होती, तिच्यात बसवली की लेकरं किंचाळायची. आया आधीच बिथरलेल्या.

"लेकरू काय वांगं आहे तोलाले?" गल्लीतली जिजाबाई म्हणाली. तिलाही दिवस गेले होते. "नजर लागते त्याले."

ते ऐकून वसंताचं डोकं फिरलं. तो तडक घरात गेला, पेटी उघडली, मला बाहेर काढलं आणि तिथेच बसून टाके घातले. "घ्या. आधी माह्या भाचीले तोला. लागू द्या नजर."

अशी शामला माझ्यात बसली. पाच किलो. सात महिन्यांच्या मानानं फार कमी. पण ती रडली नाही. माझा काठ तोंडात घालून चोखत बसली. मी त्या दिवशी इतकी खूश होते की आणखी दहा लेकरं एकदम उचलली असती.

इंदुताईंनी तिच्यासाठी पिठाची पाकिटं दिली. गहू, हरभरा, शेंगदाणे भाजून, गूळ घालून केलेलं. "रोज दोनदा पातळ लापशी करून चारा, रुख्माबाई."

"हो बाई," रुख्माबाई म्हणाली.

पुढच्या महिन्यात काटा हलला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात जेमतेम शंभर ग्रॅम. वसंता तिच्या वजनाच्या कार्डावरचे ठिपके बोटानं चाचपायचा. वाचता येत नव्हतं, पण ठिपका वर चढत नाही एवढं कळत होतं. शामला ही बहिणीची एवढीच खूण उरलेली, आणि तीही हळूहळू सुकत चाललेली. तो गल्लीत कोणाशी धड बोलेना.

मग पाजणीचा दिवस आला. त्या दिवशी ताणा गल्लीभर ताणून बांधतात आणि कुंच्यानं सुताला पिठाची खळ लावतात, म्हणजे मागावर धागा तुटत नाही. मी इंदुताईंच्या खांद्यावर होते. पाहते तर वसंताच्या ताण्यावर मुंग्यांची ही रांग.

"काहून गा वसंता," शेजारचा शालिकराम ओरडला, "आता मुंग्यायले लुगडी नेसवून राहिला का?"

गल्ली हसली. इंदुताई हसल्या नाहीत. त्यांनी सुतावरून बोट फिरवून जिभेला लावलं. गोड.

रुख्माबाईचा चेहरा उतरला. "तिले दात नाही, बाई. पीठ पचलं नसतं. वाया जाण्यापरीस खळीत मिसळलं."

वसंतानं कुंचा फेकला. "चंद्रकलेची अर्धी भाकर उचलली. आता हिचंही सुतालेच घालतं?"

रुख्माबाई खाली बसली. वसंताही तिथेच बसला आणि लहान पोरासारखा रडला.

इंदुताई रुख्माबाईजवळ टेकल्या. "मावशी, सुताले खळ नाही लागली तर ते मागावर टिकते का?"

"नाही टिकत."

"मंग लेकरू कसं टिकन?"

रुख्माबाई उठली. चुलीवर पातेलं चढवलं. गल्लीत तिच्यासारखी खळ कोणाची नव्हती, एक गुठळी सापडायची नाही. तशीच लापशी तिनं शिजवली, मऊ, सरसरीत. बोटानं चाटवली. शामलानं आधी तोंड वाकडं केलं, मग बोटच धरून ठेवलं.

महिन्यानं मी तिला उचललं आणि मलाच भार जाणवला. पावणेसहा. शालिकराम म्हणाला, "काटा बिघडला असन." वसंतानं त्याला उचलूनच माझ्यात बसवायला नेलं. सगळी गल्ली पोट धरून हसली. रुख्माबाई मात्र जिजाबाईला हाताला धरून घरात घेऊन गेली. "बस वं. पोटभर जेव. अर्धी भाकर मी पुन्हा कोणाची उचलणार नाही."

जिजाबाईचं लेकरू पुढे माझ्यातच बसलं. पहिल्याच दिवशी तीन किलो.

आता माझा काठ विरला आहे, शिवण सुटते आहे. शामला शाळेत जाते. येता-जाता माझ्यात एक पाय घालते आणि इंदुताईंचा धपाटा खाते. एक दिवस मी फाटेन, त्याचं दुःख नाही. तुम्हाला एकच सांगते. मी लेकराचं वजन सांगते, त्याच्या घरचं ताट मला दिसत नाही. ते तुम्ही पाहा. आईचंही पाहा. मुंग्या सांगतील म्हणून थांबू नका.